किलोवॅट, अँपिअर आणि गावचे रोहित्र

पुलगावहून आर्वीकडे जाताना लागणारे रोहणा हे वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील गाव. हा मुलूख काळ्या जमिनीचा आहे. खरिपात कापूस, तूर व सोयाबीन, आणि जेथे विहिरीस पाणी आहे तेथे रब्बीत गहू, हरभरा व जोडीला संत्र्याची बाग, अशी येथील शेतीची सर्वसाधारण रीत. गव्हाला पाणी देण्याचे दिवस आले की विहिरीविहिरींवरील पंप एकाच वेळी चालू लागतात आणि विदर्भातील कोणत्याही ओलिताच्या गावात ऐकू येणारी एक तक्रार याच सुमारास ग्रामपंचायतीकडे येऊ लागते : 'डीपी जळाली.' गावकरी ज्यास डीपी म्हणतात ते रोहित्र जळाले की त्यावरील सर्व शेतांचे पाणी थांबते आणि नवे रोहित्र बसेपर्यंत उभे पीक सुकू लागते.

रोहित्र का जळते, याचे उत्तर पुष्कळदा साध्या गुणाकार-भागाकारात सापडते. पंपाची मागणी, मंजुरी आणि देयक हे सर्व हॉर्सपॉवर किंवा किलोवॅट या मापांत चालते. परंतु तार, फ्यूज आणि रोहित्राचे वेटोळे यांना किलोवॅट ठाऊक नसतो. ती तापतात ती त्यांच्यामधून वाहणाऱ्या प्रवाहामुळे, म्हणजे अँपिअरमुळे. म्हणून एका मापातून दुसऱ्या मापात जाता येणे पंचायतीच्या सदस्यास उपयोगाचे आहे, आणि हा हिशेब सातवी-आठवीच्या वर्गातही सहज करून दाखविता येतो.

प्रथम सोपे उदाहरण घेऊ. पाणी तापविण्याची २ किलोवॅटची शेगडी घरातील २४० व्होल्टच्या जोडणीवर चालते. २ किलोवॅट म्हणजे २,००० वॅट. त्यास २४० ने भागले की ८.३ अँपिअर. शक्ती भागिले दाब म्हणजे प्रवाह, हे मूळ सूत्र होय.

मोटारीचा हिशेब याहून दोन पायऱ्या पुढे जातो. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा ५ हॉर्सपॉवरची मोटार ३.७३ किलोवॅटची झाली. पण हा आकडा मोटारीच्या दांड्यावर मिळणाऱ्या शक्तीचा आहे. मोटार स्वतः तापण्यात व घर्षणात काही शक्ती गमावते. तिची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर तारेतून तिला सुमारे ४.४ किलोवॅट घ्यावे लागतात. दुसरी पायरी पॉवर फॅक्टरची. मोटारीला आपले चुंबकीय क्षेत्र उभारण्यासाठी काही जादा प्रवाह लागतो. तो पाणी उपसण्याचे काम करीत नाही, मात्र तारेतून ये-जा करीत राहतो व तिला तापवितो. एकूण प्रवाहापैकी कामास येणाऱ्या भागाचे प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर. शेतातील मोटारीसाठी तो ०.८२ धरू.

थ्री फेज जोडणीत दोन तारांमधील दाब सुमारे ४१५ व्होल्ट असतो. तिन्ही तारांतील प्रवाह एकाच क्षणी शिखरास पोहोचत नसल्यामुळे येथे तिपटीऐवजी १.७३ हा गुणक येतो. आता ४,४०० वॅटना १.७३, ४१५ आणि ०.८२ या तिहींच्या गुणाकाराने भागले की उत्तर येते सुमारे ७.५ अँपिअर. जुने वायरमन एका हॉर्सपॉवरला दीड अँपिअर असा जो तोंडी ठोकताळा सांगतात, तो असा अगदी बरोबर ठरतो.

रोहित्राची क्षमता मात्र किलोवॅटमध्ये नव्हे, केव्हीएमध्ये लिहिलेली असते, कारण त्याच्या वेटोळ्यास कामाचा प्रवाह आणि बिनकामाचा प्रवाह सारखाच तापवितो. १०० केव्हीएचे रोहित्र ४३३ व्होल्टवर प्रत्येक फेजमध्ये सुमारे १३३ अँपिअर देऊ शकते. ६३ केव्हीएचे ८४, तर २५ केव्हीएचे अवघे ३३. साडेसात अँपिअरचा एक पंप धरला तर १०० केव्हीएवर ५ हॉर्सपॉवरचे १७ पंप एकदम चालू शकतात. वीस पंप लागले की मागणी १५० अँपिअरवर जाते. त्यातच कोणी मंजुरी ५ हॉर्सपॉवरची घेऊन साडेसातची मोटार बसविली असेल, तर त्याचे ११ अँपिअर कागदावर कोठेच दिसत नाहीत. रोहित्राला मात्र ते बरोबर जाणवतात.

येथे कपॅसिटरचा उपयोग ध्यानात येतो. ५ हॉर्सपॉवरच्या मोटारीस २ केव्हीएआर क्षमतेचा कपॅसिटर जोडला की चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारा बराचसा प्रवाह तेथल्या तेथे भागविला जातो आणि तारेतील प्रवाह साडेसातवरून सुमारे ६.३ अँपिअरवर उतरतो. तेच वीस पंप आता १२६ अँपिअर घेतात, म्हणजे रोहित्राच्या मर्यादेत बसतात. महावितरण कपॅसिटर बसविण्याचे आवाहन वारंवार करते ते याचसाठी. मोटारीच्या आतील प्रवाह त्याने घटत नाही, हे खरे. लाभ होतो तो तारेला, रोहित्राला आणि पर्यायाने शेजाऱ्याला. कदाचित म्हणूनच स्वतःच्या खर्चाने तो बसविण्याचा उत्साह कमी दिसत असावा.

याहून घातक सवय ऑटो स्विचची आहे. रात्रीच्या पाळीत वीज केव्हा येईल याचा नेम नसतो, आणि थंडीत विहिरीवर जागत बसण्यापेक्षा पंप आपोआप सुरू झालेला कोणास नको असेल? परंतु मोटार थेट सुरू होताना क्षणभर नेहमीच्या सहापट प्रवाह घेते. एका पंपाचे ४५ अँपिअर. सतरा पंप एकाच क्षणी सुरू झाले तर ७६५. हे १३३ अँपिअरच्या रोहित्रावर! अशा वेळी दाब कोसळतो, मोटारींना गती येण्यास अधिक वेळ लागतो, आणि तो वाढीव प्रवाह तितकाच अधिक काळ टिकतो.

दाब उतरल्याचा परिणाम चालू पंपांवरही होतो. पाण्याचा भार तोच असल्याने पूर्ण भारावरील मोटार ४१५ ऐवजी ३४० व्होल्टवर सुमारे ९.१ अँपिअर घेऊ लागते. प्रवाह पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक वाढला, असे वाटेल. पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती जवळजवळ दीडपट झाली. दाब नेहमी रोहित्राशीच उतरतो असेही नाही. खांबापासून विहीर ३०० मीटर असून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली असेल, तर साडेसात अँपिअरवर केबलीतच सुमारे २४ व्होल्ट खर्ची पडतात. ४ चौरस मिलिमीटरच्या केबलीत १५.

एक फेज गेली तर मोटारीच्या उरलेल्या दोन तारांवर सुमारे पावणेदोनपट भार येतो. ओव्हरलोड रिले नेमका लावलेला असेल तर स्टार्टर सुटतो. तो बांधून ठेवलेला असेल तर मोटार जळते. रोहित्रावरील फ्यूजमध्ये वितळणाऱ्या तारेऐवजी केबलीचे जाड पेड भरण्याचा प्रकार याच जातीचा. तार वितळली की रोहित्र वाचते. ती वितळली नाही तर रोहित्र वितळते.

ग्रामपंचायतीने रब्बीच्या आरंभीच प्रत्येक रोहित्रावरील मोटारींची, मंजुरीप्रमाणे नव्हे तर मोटारीवरील पट्टी वाचून, यादी करावी, एकूण हॉर्सपॉवरला दीडने गुणावे आणि तो आकडा रोहित्राच्या अँपिअरशी ताडून पाहावा. सर्व पंप चालू असताना वायरमनकडून टाँग टेस्टरने तिन्ही फेजमधील प्रवाह मोजून घेतल्यास हिशेबाची खातरजमा होते. अधिक क्षमतेच्या रोहित्राची मागणी करताना अर्जास ही यादी व मोजलेले अँपिअर जोडावेत. 'डीपी वारंवार जळते' एवढ्या वाक्यावरून अभियंत्यास ६३ केव्हीए द्यावयाचे की १०० केव्हीए, हे ठरविता येत नाही.