चौकटीत आकाश किती घ्यावे?

फिल्मवर छायाचित्र काढणारा विचार करून चौकट ठरवतो आणि डिजिटलवाला धडाधड बटण दाबत सुटतो, असे नेहमी म्हटले जाते. ३५ मिलिमीटरच्या रोलवर ३६च चित्रे मिळतात, तेव्हा त्यात तथ्य आहेच. पण हा सवयीचा भाग झाला. मोटर लावून रोलमागून रोल संपवणारे वृत्तछायाचित्रकारही होऊन गेले. आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो तो यामागचा भौतिकीचा भाग.

समजा, शाळेच्या व्हरांड्यात सावलीत एक मुलगी बसली आहे आणि तिच्या मागे भर दुपारचे ढगाळ, लख्ख आकाश आहे. ते चौकटीत घ्यावे का?

डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावर लक्षावधी सूक्ष्म घटक असतात. प्रत्येकावर पडणाऱ्या प्रकाशामुळे इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि तेथेच साठतात. पावसात ठेवलेल्या वाटीत पाणी साठावे तसे. प्रकाश दुप्पट, तर इलेक्ट्रॉनही दुप्पट. मात्र वाटी काठोकाठ भरली की पुढचा पाऊस वाया जातो. चित्रात तेथे कोरा पांढरा डाग उरतो. त्यातून ढगाचा आकार पुन्हा काढता येत नाही.

निगेटिव्ह फिल्मवर सिल्व्हर हॅलाइडचे लहानमोठे असंख्य कण असतात. मोठ्या कणांवर थोड्या प्रकाशातही परिणाम होतो, लहानांना जास्त प्रकाश लागतो. मोठे कण संपले तरी लहान शिल्लक असतात, म्हणून नोंद एकदम न थांबता हळूहळू मंदावते. ढग फिकट का होईना, उमटतो. सावलीची गोष्ट मात्र उलटी! फार कमी प्रकाश मिळालेली फिल्म तेथे जवळजवळ कोरीच राहते. डिजिटल चित्रातला काळोखा भाग, थोडा रवाळ झाला तरी, नंतर बराच उजळता येतो.

साहजिकच निगेटिव्हवाला मुलीच्या चेहऱ्यावरचा प्रकाश मोजतो आणि आकाश खुशाल मागे राहू देतो. डिजिटलवाला आकाश सांभाळतो, नाहीतर दोन पावले सरकून मागे भिंत येईल असे पाहतो. (स्लाइड फिल्म वापरणाऱ्यालाही हेच करावे लागते.)

आजचे अनेक मोबाइल कमीअधिक प्रकाशाची अनेक चित्रे घेऊन ती जोडतात, त्यामुळे ही अडचण झाकली जाते. आपल्या मोबाइलमध्ये ती सोय, म्हणजे एचडीआर, बंद करता येत असेल तर वर्गात करून पाहा. खिडकीशी एका विद्यार्थ्याला उभे करा. पडद्यावर एकदा त्याच्या चेहऱ्यावर आणि एकदा खिडकीवर बोट टेकवून चित्र घ्या. मग विद्यार्थ्यांनाच विचारा, दोन्ही नीट यावेत म्हणून कॅमेरा कोठे न्याल?