‘माजी’ न होणारी ओळख

सातारच्या स्थानकावरून सांगलीकडे निघालेल्या एस.टी.मध्ये शेजारी बसलेल्या दोन अपरिचितांची ओळख कऱ्हाड येण्यापूर्वीच पूर्ण झालेली असते. पहिला प्रश्न ठरलेला: ‘पाव्हणं, गाव कंचं?’ दुसरा आडनावाचा. तिसरा, ‘काय करता?’ गावावरून पंचक्रोशी कळते, नोकरीवरून पगाराचा अदमास येतो, आणि आडनावावरून, उघडपणे कोणी बोलून दाखवीत नसले तरी, जात कळते. एवढी माहिती हाती आली की दोघेही निश्चिंत होतात. शेजारच्याला मनातल्या एका खणात ठेवून दिलेले असते आणि पुढचा प्रवास ऊस, पाऊस व राजकारण यांवरील गप्पांत सुखाने पार पडतो. त्या दोघांतील एकाला मोडी लिपी अस्खलित वाचता येत असेल, दुसऱ्याने वीस वर्षे कृष्णाकाठच्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या असतील, तरी ते सांगली येईपर्यंत एकमेकांस कळत नाही. कारण ते विचारण्याची रीत नाही आणि न विचारता सांगणे हा आगाऊपणा समजला जातो.

माणसाने आपली ओळख आपल्या आयुष्यभराच्या आवडीवरून करून द्यावी, ही कल्पना आपल्याकडे अजून रुजलेली नाही. नोकरीच्या अर्जात किंवा लग्नाच्या माहितीपत्रकात ‘छंद’ असा एक रकाना असतो. तो शेवटून दुसरा किंवा तिसरा असतो आणि त्यात ‘वाचन, संगीत, प्रवास’ हे तीन शब्द जवळजवळ न चुकता भरले जातात. हे शब्द लिहिणाऱ्याने अखेरचे पुस्तक कोणते वाचले, हे कोणी विचारीत नाही. विचारले तर पंचाईत होईल, याची दोन्ही पक्षांना जाणीव असते. जो रकाना माणसाविषयी सर्वांत अधिक सांगू शकला असता, तोच सर्वांत रिकामा राहतो.

या उपेक्षेचे मूळ भाषेतही सापडते. ‘छंद’ हा शब्द सभ्य खरा, पण तो फावल्या वेळाशी बांधलेला आहे. ‘नाद’ हा त्याहून जिवंत शब्द. पण ‘त्याला नाद लागला’ असे म्हटले की घरातील वडीलमाणसे चिंतेत पडतात. तमाशाचा नाद, कबुतरांचा नाद, शर्यतीच्या बैलांचा नाद, हे सारे संसार बुडवणारे मानले गेले आणि काहींच्या बाबतीत ते खरेही ठरले. तथापि याच दक्षिण महाराष्ट्राच्या बोलीने ‘नाद खुळा’ हे शब्द कौतुकाचे म्हणून वापरात आणले. एखाद्या गोष्टीसाठी खुळे होण्याची तयारी असलेला माणस पाहून वाटणारा आदर त्यात आहे. बोलीला जे उमगले, ते परिचयाच्या औपचारिक रीतीला अद्याप उमगावयाचे आहे.

वस्तुतः सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास चाळला, तर नोकरीच्या रकान्याने माणसाची ओळख किती अपुरी होते याची उदाहरणे हाताशीच आहेत. वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक होते. त्यांचा जन्म १८५८ सालचा, गुहागरचा. संस्कृतचे अध्ययन साताऱ्यास झालेले. एस.टी.तल्या तिसऱ्या प्रश्नाला त्यांचे उत्तर ‘मास्तर’ एवढेच झाले असते. पण शाळेबाहेरचे त्यांचे आयुष्य पटवर्धनी दप्तरातील जुन्या कागदांत गेले. ते कागद वाचणे, लावणे, त्यांतील तारखा व माणसे यांचा मेळ घालणे आणि ते छापून लोकांपुढे ठेवणे हा उद्योग त्यांनी आरंभला. १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडशः प्रसिद्ध होऊ लागला आणि १९२४ साली त्यांचे निधन होईपर्यंत ते काम चालू राहिले. उत्तर पेशवाईचा अभ्यास करणाऱ्याला आजही ते खंड ओलांडून पुढे जाता येत नाही. शाळेच्या हजेरीपटांतून त्यांचे नाव केव्हाच पुसले गेले असेल. खंडांवरचे टिकून आहे.

दुसरे उदाहरण औंधचे. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले आणि चित्रकार म्हणून हैदराबाद व लाहोर येथे व्यवसाय केला. व्यवसाय चित्रकलेचा, ध्यास वेदांचा. १९१८ च्या सुमारास औंधास येऊन त्यांनी स्वाध्याय मंडळाचे काम मांडले आणि पुढची सुमारे तीन दशके वेदांचे संपादन, भाषांतर व प्रकाशन तेथून केले. नंतर ते गुजरातेत पारडीस गेले. आज त्यांचे नाव घेताच वेदांचे पंडित डोळ्यांपुढे येतात. चरितार्थ ज्या कुंचल्याने चालविला, त्याची आठवण पुष्कळांना करून द्यावी लागते.

तिसरे उदाहरण अधिक सूचक आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. जुने कागद, चित्रे आणि दुर्मीळ ग्रंथ जमविण्याचा त्यांना ध्यास होता. ‘इतिहाससंग्रह’ हे मासिक त्यांनी त्याच ध्यासातून चालविले. न्यायखात्यातील आय. सी. एस. अधिकारी चार्ल्स किंकेड हे दुसऱ्या टोकाचे गृहस्थ: राज्यकर्त्यांच्या वंशाचे, अधिकाराच्या उच्च पायरीवरचे. या दोघांनी मिळून मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास इंग्रजीत सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १९१८ साली व शेवटचा १९२५ साली प्रसिद्ध झाला. गाव, कूळ आणि हुद्दा या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ओळख ठरली असती, तर एकाने दुसऱ्याच्या दारी अर्ज घेऊन उभे राहावयाचे एवढाच संबंध संभवत होता. एका समान आवडीने त्यांना एका मेजाशी बसविले.

आवडीवरून होणाऱ्या ओळखीचे खरे महत्त्व येथे आहे. गाव, आडनाव आणि हुद्दा यांवरून होणारी ओळख माणसाला लगेच कोणाच्या तरी वर किंवा खाली बसविते. आवडीची ओळख तसे करीत नाही. निदान तत्काळ करीत नाही. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले आणि या गावाला बुद्धिबळाचे गाव असा लौकिक मिळाला. स्वाती घाटे यांच्यासारखी महिला ग्रँडमास्टर याच सांगलीची. बुद्धिबळाच्या पटावर समोरच्याचे आडनाव जाणून काहीही लाभ होत नाही. दहा-बारा चालींत माणूस उतावळा आहे की धिमा, धाडसी आहे की हिशेबी, हे कळते आणि तेवढी ओळख तेथे पुरते. शाळकरी मुलाने पेन्शनरला मात दिली तर पेन्शनरनेच पाठ थोपटावयाची असते.

छंदांच्या मंडळांत जातीचे किंवा पैशाचे वारे शिरतच नाही, असा दावा करण्याचे कारण नाही. ज्या समाजात माणसे वाढतात, त्याची धूळ त्यांच्या पायांना लागलेलीच असते. पण ती झटकण्याची एक जागा येथे उपलब्ध होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालू केले. एका पंगतीला बसविल्याने जे साधते, तेच थोड्या प्रमाणात एका आवडीभोवती बसल्यानेही साधते. फरक इतकाच की, पंगतीसाठी कोणी कर्मवीर लागतो. आवडीसाठी दोन माणसांनी आपापले वेड उघड केले तरी पुरते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. छंद ही सवड असलेल्यांची मिरास आहे, असे म्हटले जाईल. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढीत, कीर्तन करीत, सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत आणि कलावस्तू जमवीत. पण ते राजे होते. राबणाऱ्याने छंद केव्हा जोपासावा? या आक्षेपात तथ्य आहे, तथापि ते अर्धे आहे. खरे शास्त्री मास्तरकीच्या पगारावर जगत होते. शिवाय राबणाऱ्यांजवळ छंद नसतो असे नाही. त्याला छंद हे नाव मिळत नाही, एवढेच. माणदेशातील धनगर कळपातील प्रत्येक मेंढी वेगळी ओळखतो आणि ढगांची चाल वाचतो. शेकडो ओव्या तोंडपाठ असलेली म्हातारी ‘मला काय येतंय?’ म्हणून पदर सावरते. घरोघरच्या बायकांजवळ रांगोळी, विणकाम, बी-बियाणे व औषधी पाल्याचे जे ज्ञान असते, ते घरकामाच्या खात्यात जमा होते. परिचयाची रीत बदलली, तर सर्वांत अधिक लाभ ज्यांचा परिचय आजवर कोणीतरी दुसऱ्याच्या नावाने करून दिला, त्यांनाच होईल.

दुसरा धोका मिरवण्याचा. आवड सांगण्याच्या मिषाने स्वतःचीच आरती ओवाळणारे थोडे नाहीत. त्यावर उपाय साधा आहे: आवडीचे नाव सांगू नये, तीत केलेले काम सांगावे. ‘मला इतिहासाची आवड आहे’ या वाक्याने काहीही कळत नाही. ‘आमच्या खोऱ्यातील वीरगळ मी मोजून ठेवले आहेत, दोनांवरची अक्षरे मात्र अजून लागत नाहीत,’ असे म्हणणारा माणूस ओळखीचा होतो. जे येते त्याबरोबर जे अजून येत नाही तेही ज्याला सांगता येते, त्याची आवड खरी मानावी.

या प्रश्नाचे सर्वांत मोठे मोल निवृत्तीच्या वयात कळते. कचेरीतील कारकून किंवा शाळेतील मुख्याध्यापक अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी सत्काराची शाल व नारळ घेऊन घरी येतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ओळखीमागे ‘माजी’ हा शब्द लागतो. ज्याने आयुष्यभर हुद्दा हीच ओळख मानली, त्याला तो शब्द दररोज थोडा थोडा खातो. पारावर किंवा बागेतील बाकावर बसून जुन्या साहेबांच्या गोष्टी सांगणारी माणसे प्रत्येक गावात दिसतात. त्यांची चेष्टा होते, पण त्यांचे दुःख खरे असते. उलट ज्याला कशाचे तरी वेड असते, त्याला ‘माजी’ होताच येत नाही. माजी तहसीलदार असतो, माजी प्राचार्य असतो; माजी बुद्धिबळवेडा कोणी ऐकला आहे काय?

तथापि आवड केवळ स्वतःपुरती ठेवली, तर ती माणसाबरोबर जाते. पारसनीसांनी जमविलेल्या संग्रहासाठी साताऱ्यात संग्रहालयाची इमारत उभी राहिली. पण १९२६ साली त्यांचे निधन झाले आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तो सुरक्षित राहिला व अभ्यासकांच्या उपयोगी पडला हे भाग्य. पण साताऱ्याची ठेव साताऱ्यात राहिली नाही. औंधचे श्रीभवानी संग्रहालय १९३८ साली तेथेच उभे राहिले, म्हणून आज खटाव तालुक्यातील शाळकरी मुलाला राजा रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूरचे शिल्प आपल्या तालुक्यात पाहता येते. सामान्य घरातील संग्रहांचे नशीब याहून वाईट असते. संग्राहक गेल्यावर वर्षभरात वह्या रद्दीत जातात. कृष्णेच्या काठी तर पाण्याचीही भीती आहे; २००५ व २०१९ च्या पुरांनी सांगलीतील घरांत आणि ग्रंथालयांत काय काय भिजवून नेले, ते सांगलीकरांना सांगावयास नको. घरच्यांनाच ज्या वहीचे मोल ठाऊक नसते, ती माळ्यावर कोण चढविणार?

म्हणून दोन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. त्यांना अनुदान लागत नाही. प्रत्येक तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाने एक जाड वही ठेवावी आणि तीत सभासदाने नाव, गाव यांबरोबर ‘कशाचा अभ्यास आहे, कोणाला काय शिकवू शकेन’ हे स्वहस्ते लिहावे. मोडी वाचणारा, घड्याळे दुरुस्त करणारा, ओव्या जाणणारी, तारे ओळखणारी अशी माणसे एका गल्लीत राहून एकमेकांना अपरिचित असतात; ती त्या वहीत भेटतील.

दुसरी गोष्ट शिक्षकांच्या हातची आहे. नवा मुलगा वर्गात आला की त्याला प्रथम विचारले जाते, ‘वडील काय करतात?’ साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू झाला की ऊसतोडणी करणाऱ्यांची टोळी बीडकडून या दोन जिल्ह्यांत उतरते आणि तिच्यातील काही मुले गावच्या शाळेत मागच्या बाकावर येऊन बसतात. त्या प्रश्नाचे उत्तर देताना अशा मुलाची मान खाली जाते, आणि वर्गाने त्याला ठेवावयाचा खण त्या क्षणी ठरून जातो. त्याऐवजी गुरुजींनी त्याला ‘तुला काय येतं रे?’ असे विचारले, तर कदाचित तो बैलांविषयी असे काही सांगेल की जे वर्गातील कोणालाच, गुरुजींनाही, ठाऊक नसेल. मग त्याची जागा मागच्या बाकावर राहिली तरी तो तेथे अनोळखी म्हणून बसणार नाही.