उत्तर न आलेला ठिपका

२७ फेब्रुवारी २०१९. आदल्या पहाटे भारतीय हवाई दलाने पाकिस्तानातल्या बालाकोटवर हल्ला केला होता आणि त्या सकाळी पाकिस्तानी विमाने जम्मू-काश्मीरच्या हद्दीवर चालून आली होती. आकाशात झटापट चालू असतानाच श्रीनगरच्या तळावरून उडालेले एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर दहाच्या सुमारास बडगाम जिल्ह्यात कोसळले. स्क्वॉड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ, स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे, सार्जंट विशालकुमार पांडे, सार्जंट विक्रांत सेहरावत, कॉर्पोरल दीपक पांडे आणि कॉर्पोरल पंकज कुमार हे सहाही जण गेले. जमिनीवर एका स्थानिक रहिवाशाचाही जीव गेला.

निनाद नाशिकचे. भोसला मिलिटरी स्कूल आणि मग औरंगाबादची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, ही त्यांची वाट. मराठी घरातल्या मुलांनी सैन्यात अधिकारी व्हावे म्हणून राज्य सरकारने १९७७ मध्ये ही संस्था काढली. गोदाकाठी त्यांना निरोप द्यायला नाशिककर लोटले. त्या दुःखातही त्यांच्या पत्नींनी समाजमाध्यमांवर युद्धाची भाषा करणाऱ्यांना बजावले, की एवढा जोश असेल तर सैन्यात भरती व्हा.

हेलिकॉप्टर जुनाट नव्हते. एमआय-१७ व्ही-५ रशियातल्या कझानच्या कारखान्यातले. दोन इंजिने, डोक्यावर पाच पात्यांचा पंखा, स्वतःसह एकूण १३ टनांपर्यंत वजन घेऊन उडण्याची ताकद. २०१२ पासून ते आपल्या हवाई दलात आले आणि भारताने अशी १५१ घेतली. पुरात अडकलेली माणसे उचलणे, उंचावरच्या चौक्यांना रसद पोहोचवणे, जखमींना खाली आणणे ही त्याची रोजची कामे. २६/११ च्या वेळी मुंबईत नरिमन हाउसच्या गच्चीवर कमांडो उतरवले तेही याच कुळातल्या हेलिकॉप्टरने.

हे कूळ युद्धात आधीही पोळले होते. २८ मे १९९९ ला कारगिलमध्ये तोलोलिंगच्या परिसरात १५२ हेलिकॉप्टर युनिटचे ‘नुब्रा-३’ खांद्यावरून डागलेल्या स्टिंगर क्षेपणास्त्राने पाडले. स्क्वॉड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट आर. के. साहू हुतात्मा झाले. क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर सोडायची सोय त्या हेलिकॉप्टरवर नव्हती. एअर चीफ मार्शल अनिल टिपणीस प्रमुख असलेल्या हवाई दलाने त्यानंतर हेलिकॉप्टरे हल्ल्याच्या कामातून काढून घेतली आणि मिराज-२००० विमाने पुढे आणली. तिथे मारणारा शत्रू होता. बडगाममध्ये मात्र हेलिकॉप्टर पाडणारे क्षेपणास्त्र आपलेच होते.

हे समजून घ्यायचे तर कॉकपिटमधल्या एका छोट्या यंत्राकडे पाहावे लागते. त्याला आयएफएफ म्हणतात, म्हणजे मित्र की शत्रू हे ओळखणारी यंत्रणा. जमिनीवरचे रडार १,०३० मेगाहर्ट्झवर विचारते, हेलिकॉप्टरमधला ट्रान्सपाँडर १,०९० वर आपोआप उत्तर देतो. साध्या पद्धतीत वैमानिक चार आकडी संकेत लावतो. प्रत्येक आकडा ० ते ७ मधला, म्हणून एकूण ४,०९६ संकेत होतात. लष्करी पद्धतीत त्यावर गुप्त सांकेतिक कुलूप असते. उत्तर बरोबर आले की पडद्यावरचा ठिपका आपला ठरतो.

या यंत्राची मर्यादा इथेच आहे. ते मित्राची खूण पटवते, शत्रूची नाही. उत्तर आले नाही तर एवढेच कळते, की समोर कोण आहे ते ठाऊक नाही. बटण बंद असेल, संकेत चुकीचा असेल, यंत्र बिघडले असेल. खाली आणि सावकाश उडणारे हेलिकॉप्टर तर रडारवर सहज भलतेच काही वाटू शकते.

ही चूक फक्त आपल्याकडची नाही. १४ एप्रिल १९९४ ला उत्तर इराकवर अमेरिकेच्या एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे पाडली आणि २६ माणसे गेली. त्या हेलिकॉप्टरांवर त्या क्षेत्राचा योग्य संकेत लावलेला नव्हता. वर टेहळणीचे विमान घिरट्या घालत होते, तरी कुणी थांबवले नाही.

बडगामच्या चौकशीबद्दल आलेल्या बातम्याही याच अंगाच्या आहेत: आयएफएफ बंद होते, जमिनीवरचे कर्मचारी आणि हेलिकॉप्टर यांच्यात ताळमेळ नव्हता, ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही. ४ ऑक्टोबर २०१९ ला हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. ही कबुली मोलाची आहे, कारण झाकलेल्या चुकीतून कुणी काही शिकत नाही.

उत्तर आले नाही तर काय समजायचे, हा प्रश्न पुण्याजवळच्या हिंजवडीत काम करणाऱ्यांना परका नाही. इथल्या आयटी पार्कमध्ये गाड्यांचे ब्रेक आणि स्टीअरिंग सांभाळणारे सॉफ्टवेअर लिहिले जाते आणि आयएसओ २६२६२ हे सुरक्षेचे मानक इथे रोजच्या बोलण्यात असते. सेन्सर गप्प बसला तर गाडीने काय समजायचे, हे तिथे आधीच लिहून ठेवावे लागते. ‘रस्ता मोकळा’ असे समजून चालत नाही आणि ‘समोर भिंत’ असेही नाही. ‘माहीत नाही’ ही तिसरी अवस्था धरावी लागते आणि त्या अवस्थेत काय करायचे तेही ठरवावे लागते.

युद्धाच्या धांदलीत ही तिसरी अवस्था सर्वांत आधी गळून पडते. अंगावर हल्ला येईल या भीतीने ‘माहीत नाही’ चा ‘शत्रू’ होतो. म्हणून बटण चालू आहे ना हे तपासणे, उड्डाणाची वर्दी क्षेपणास्त्र पथकापर्यंत पोहोचवणे, डागण्याआधी दुसऱ्या वाटेने खात्री करणे ही कामे लढाईआधीच अंगवळणी पडली पाहिजेत. सहा सैनिकांना आणि एका गावकऱ्याला आपण शत्रूमुळे गमावले नाही. त्यांची आठवण जपायची असेल तर हा सराव कधीही सुटता कामा नये.