शीरखुर्म्याची वाटी आणि पोटाचे पथ्य

ईदची नमाज पढून घरातली पुरुष मंडळी परतली, गळाभेटी झाल्या आणि शीरखुर्म्याच्या वाट्या फिरू लागल्या. आम्ही दोघी जावा गेली चौदा वर्षे एकाच स्वयंपाकघरात आहोत. त्या सकाळी धाकटीने आपली वाटी उचलली आणि तशीच ओट्यावर ठेवून दिली. सासूबाईंच्या नजरेतून ते सुटले नाही. "ईदच्या दिवशीसुद्धा नाही?" एवढेच त्या म्हणाल्या. धाकटी आत जाऊन रडली.

तोवर चार वर्षांत तिने गहू सोडला होता, दूध सोडले होते, मग डाळी, मग फळे. ज्याने जे सांगितले ते सोडून पाहिले. वजन ५८ किलोवरून ४७ वर आले आणि पोट दुखायचे ते दुखतच राहिले. लग्नाच्या दावतीला जायचे तर तिथे संडास कुठे आहे याची आधी चौकशी करावी लागे. हे दुखणे चारचौघांत सांगण्यासारखे नसते. म्हणून कितीतरी माणसे, त्यातही बायका, ते वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसतात. या आजारावर सांगितली जाणारी पथ्ये एकमेकांशी ताडून पाहिली तर काय दिसते आणि आम्ही आमच्या हंडीत काय बदलले, ते इथे सांगत आहोत.

हा आजार कोणता?

डॉक्टर याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम किंवा थोडक्यात आयबीएस म्हणतात. यात आतड्याला जखम नसते, गाठ नसते, तपासण्या बहुधा निर्दोष येतात. म्हणून घरचे म्हणतात, "काही नाही, मनाचे खेळ आहेत." ते खरे नाही. आतड्यातल्या नसा जास्त हळव्या झालेल्या असतात. इतरांना जो वायू जाणवतही नाही, त्याने या माणसाचे पोट पिळवटून निघते. आतड्याची हालचालही कधी घाईची, कधी मंद होते. त्यामुळे कुणाला जुलाब, कुणाला बद्धकोष्ठ, तर कुणाला दोन्ही आलटून पालटून होतात. गेले ३ महिने आठवड्यातून निदान १ दिवस पोट दुखत असेल, त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असेल आणि सुरुवात होऊन ६ महिने झाले असतील, तर डॉक्टर या आजाराचा विचार करतात.

आधी तपासणी, मग पथ्य

शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन उतरणे, अंगात रक्त कमी होणे, ताप येणे, पोटदुखीने किंवा जुलाबाने रात्री झोपेतून उठावे लागणे, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच असा त्रास सुरू होणे, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यातले काहीही असेल तर पथ्याचे प्रयोग करत बसू नये. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग आणि आमांश अजूनही आढळतात आणि त्यांची लक्षणे फसवी असतात. धाकटीचे वजन उतरले होते, म्हणून डॉक्टरांनी आधी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. त्या स्वच्छ आल्या. वजन आजाराने नव्हे, उपासमारीने उतरले होते.

गहू बंद करण्यापूर्वी सिलिअॅक या आजाराची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि ती गहू खात असतानाच करावी. आधी गहू सोडला तर तपासणी खोटा दिलासा देते. रक्त घेऊन 'तुम्हाला कोणते शंभर पदार्थ चालत नाहीत' अशी यादी देणाऱ्या महागड्या चाचण्यांचा मात्र या आजारात उपयोग नाही. अशी एक यादी आमच्याही घरी आली होती. त्यात भातसुद्धा होता!

तीन पथ्ये एका तराजूत

आजवर या आजारावर मुख्यतः तीन पथ्ये पारखली गेली आहेत.

पहिले साधे पथ्य. ठरलेल्या वेळी, थोडे थोडे, सावकाश चावून खावे. तळलेले, तेलकट व तिखट कमी करावे. चहा-कॉफी दिवसातून तीन कपांच्या आत ठेवावी. सोडा असलेली पेये टाळावीत, फळे एका वेळी थोडीच खावीत आणि पाणी पुरेसे प्यावे. आपल्या आजीनेही हेच सांगितले असते.

दुसरे कमी फॉडमॅपचे पथ्य. ते ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी विकसित केले. काही प्रकारच्या साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेतात आणि पुढे मोठ्या आतड्यात जंतू त्यांना आंबवून वायू तयार करतात. कांदा, लसूण आणि गहू यांतले फ्रुक्टान, डाळी-कडधान्यांतली अशीच एक साखर, दुधातले लॅक्टोज, आंबा-सफरचंद-कलिंगडातली जादा फळसाखर, आणि 'शुगर फ्री' गोळ्यांतले सॉर्बिटॉल यांची मिळून ही फॉडमॅपची टोळी होते. आता शीरखुर्म्याकडे पाहा. दूध, गव्हाच्या शेवया, खजूर, पिस्ते, काजू! जवळजवळ सगळी टोळी एकाच वाटीत.

तिसरे ग्लुटेनमुक्त पथ्य, म्हणजे गहू, जव आणि त्यांचे सर्व पदार्थ बंद.

इंग्लंडमधील शेफिल्ड येथे या तिन्हींची थेट तुलना झाली आणि २०२२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. बद्धकोष्ठ नसलेल्या ९९ रुग्णांनी ४ आठवड्यांचे पथ्य पूर्ण केले. साध्या पथ्याने १०० पैकी ४२ जणांना, कमी फॉडमॅपने ५५ जणांना आणि ग्लुटेनमुक्त पथ्याने ५८ जणांना आराम पडला. आकड्यांत फरक दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो ठाम ठरला नाही. मात्र साधे पथ्य स्वस्त पडते, बाजारहाटाला कमी वेळ लागतो आणि बाहेर जेवताना सांभाळायला ते सोपे जाते, असे रुग्णांनी सांगितले. त्याआधी २०१५ मध्ये स्वीडनमधल्या ७५ रुग्णांच्या अभ्यासातही साधे पथ्य ४६ टक्के आणि कमी फॉडमॅप ५० टक्के, असे दोन्ही जवळजवळ बरोबरीत आले होते.

मग पथ्याने खरोखर गुण येतो की हा मनाचा दिलासा? स्वीडनमधल्याच गोथेनबर्ग शहरात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९४ रुग्णांच्या अभ्यासात पथ्याची तुलना औषधांशी केली गेली. साधे पथ्य आणि कमी फॉडमॅप एकत्र केल्यावर ७६ टक्के, भात-पोळीसारखे पिष्टमय पदार्थ कमी केल्यावर ७१ टक्के आणि औषधांनी ५८ टक्के रुग्णांचा त्रास ४ आठवड्यांत लक्षणीय कमी झाला. याचा अर्थ चालू औषधे बंद करा असा नाही. पण ताटात काय पडते याला मोठे महत्त्व आहे, हे नक्की.

या सगळ्यातून आम्ही एवढेच घेतले: सुरुवात साध्या पथ्याने करावी. त्याने भागले नाही तरच कडक पथ्याकडे वळावे.

दोष गव्हाचा की आणखी कशाचा?

गहू बंद केल्यावर बरे वाटते, असे पुष्कळजण सांगतात. नॉर्वेतील ओस्लो येथे ५९ जणांवर याची चाचणी झाली. सिलिअॅक नसलेल्या, पण ग्लुटेन सोसत नाही असे मानणाऱ्या या लोकांना चवीला सारख्याच वड्या देण्यात आल्या. काहींत ग्लुटेन, काहींत फ्रुक्टान आणि काहींत यातले काहीच नव्हते. २०१८ मध्ये आलेला निष्कर्ष असा की अधिक त्रास ग्लुटेनने नव्हे, फ्रुक्टानने झाला. म्हणजे पोळी सोडून कांदा-लसणाचा रस्सा चालू ठेवला, तर चोर घरातच राहतो. धाकटीचे चार वर्षे हेच चालले होते.

कोंडा नव्हे, इसबगोल

बद्धकोष्ठ असले की गव्हाचा कोंडा खा असे सांगतात. नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इसबगोलाने गुण आला, तर कोंड्याने त्रास वाढल्यामुळे अनेकांनी तो अर्ध्यावर सोडला. सुरुवात एका छोट्या चमच्याने करावी, हळूहळू वाढवावे आणि सोबत पेलाभर पाणी प्यावेच. कोरडा इसबगोल घशात अडकू शकतो.

आमच्या हंडीत काय बदलले

साध्या पथ्याने धाकटीला थोडा आराम पडला, पूर्ण नाही. मग आहारतज्ज्ञ बाईंनी कमी फॉडमॅप सांगितले आणि पहिल्याच भेटीत बजावले, "हे जन्मभराचे पथ्य नाही." चार ते सहा आठवडे टाळायचे, नंतर एकेक गट परत आणायचा. आज थोडे, उद्या जरा जास्त, परवा नेहमीइतके. पोटाने तक्रार केली तर तो गट बाजूला ठेवून पुढचा पारखायचा. फार काळ सगळेच बंद ठेवले तर आतड्यातले उपकारक जंतू कमी होतात आणि कॅल्शियमही कमी पडू शकते. गरोदर बायका, मुले आणि आधीच वजन कमी असलेली माणसे यांनी हे पथ्य स्वतःच्या मनाने करू नये. म्हणूनच धाकटीच्या वजनावर बाईंची सतत नजर होती.

मुसलमान घरात कांदा-लसणाशिवाय सालन कसे करायचे, हा खरा प्रश्न होता. वाट निघाली. फ्रुक्टान पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही. म्हणून लसणाच्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या की सुगंध तेलात राहतो. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भाग घेतला. हिंग वापरले, पण डबीवर मैदा आहे का ते वाचून. आले, जिरे, दालचिनी, कोथिंबीर, कोकम चालतेच. मटण, कोंबडी, मासे आणि अंडी यांत फॉडमॅप नसतात. त्रास देतो तो मसाला. बिर्याणीत तळलेला कांदा आम्ही हंडीच्या एकाच बाजूला घालू लागलो. डाळ भिजवून ते पाणी टाकून मग शिजवू लागलो. भात, ज्वारीची भाकरी, नाचणी, गाजर, काकडी, पालक आणि संत्रे हा तिचा आधार झाला. कोकणातल्या आमच्या माहेरचा भात आणि माशांचे कालवण कांदा वगळून केले, तर ते जवळजवळ पथ्याचेच जेवण होते.

तीन महिन्यांनी हिशेब लागला. दोन पोळ्या तिला सोसतात. मुगाची डाळ सोसते, दही सोसते. सोसत नाही तो कांदा-लसूण आणि पेलाभर दूध. चार वर्षे तिने जे सोडले होते, त्यातले बरेचसे विनाकारण सोडले होते.

रमजानमध्ये

दिवसभर रिकाम्या पोटावर एकदम भजी, समोसे, कलिंगड आणि थंड शरबत ओतले की हळवे आतडे बिथरते. एका खजुराने आणि पाण्याने रोजा उघडावा, नमाजनंतर सावकाश जेवावे आणि पाणी सहरीपर्यंत घोट घोट पीत राहावे. इसबगोल याच वेळेत घ्यावा. औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्याव्यात. त्रास फारच असेल तर आजारी माणसाला कुरआनने सवलत दिलेली आहे. अशा वेळी डॉक्टर आणि जाणकार आलिम या दोघांचाही सल्ला घ्यावा.

पुढच्या ईदला आम्ही एक छोटी पातेली वेगळी चढवली. तांदळाच्या शेवया, लॅक्टोज काढलेले दूध, थोडे बदाम आणि एका खजुराचे तुकडे. वाटी धाकटीच्या हातात सासूबाईंनीच दिली. तिने ती संपवली. आता तिचे वजन ५३ किलो आहे. दुखणे पूर्ण गेलेले नाही. परीक्षेच्या दिवसांत, मुलांच्या काळजीने ते अजूनही डोके वर काढते. पण आता दस्तरखानावर ती सगळ्यांसोबत बसते.

तुमच्या घरात कुणी ताट बाजूला सारत असेल, तर रागावण्याआधी एकदा जवळ बसून विचारा. पथ्य एकाच्या पोटाचे असले तरी ते सांभाळावे सगळ्या घराने.