फ्लोरेन्स ते रोम, हायवे सोडून!

फ्लोरेन्सहून रोमला ए-१ मोटरवेने साधारण तीन तासांत पोचता येतं. पण मग टस्कनी दिसणार गाडीच्या काचेतून, तेही टोल भरून! त्यापेक्षा एसआर २२२ पकडा. द्राक्षमळ्यांतून वळणं घेत हा रस्ता ग्रेव्हे गावावरून सिएनाला नेतो. पुढे एसआर २, म्हणजे जुना रोमन कासिया मार्ग, वाल दोर्चा खोऱ्यात शिरतो. सायप्रसच्या रांगा, गव्हाच्या टेकड्या... २००४ पासून हा भाग युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. इथे एक मुक्काम हवाच. सगळं एका दिवसात उरकायचं असेल, तर सरळ ट्रेनने जा ना!

बजेटची वाट लावतो तो झेडटीएल. जुन्या शहरांच्या मध्यभागी परवानगीशिवाय गाडी घातली, की कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. दंड काही महिन्यांनी थेट घरी येतो, भाड्याच्या गाडीवाल्यांची फी वेगळीच. म्हणून फ्लोरेन्स पायी बघा, निघायच्या दिवशीच गाडी घ्या, सिएनात तटबंदीबाहेर पार्क करा आणि गाडी रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरच परत द्या.

पंचविशीच्या आतल्यांकडून बऱ्याच कंपन्या जादा पैसे घेतात, बुकिंगआधीच विचारा. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट मात्र निघण्याआधी आपल्या आरटीओतूनच काढायचं. ते वर्षभर चालतं.