कुठलं पुस्तक चांगलं?

कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांच्या टपऱ्यांची जी रांग आहे, तिथे एखादं पुस्तक विकायला न्या आणि दुकानदाराचे हात बघा. इंजिनिअरिंगचं असेल तर तो पहिली दोन पानं उलटून आवृत्तीचं साल बघतो. मुलांचं असेल तर चित्रांची पानं शाबूत आहेत ना, एवढंच चाळतो. पोथी किंवा धर्मग्रंथ असेल तर बहुतेक वेळा मानच हलवतो. एकाने मला कारण सांगितलं होतं, "माशिमा, असली पुस्तकं लोक विकत नाहीत, देऊन टाकतात."

मी मूळची सांगलीकडची. नोकरी दक्षिण पूर्व रेल्वेच्या गार्डन रीचच्या कचेरीत, बांधकामाचे नकाशे तपासण्याची. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात ओळखीचं कुणी भेटलं की हमखास विचारतं: ताई, पुतण्या सिव्हिलला आहे, कुठलं पुस्तक चांगलं? नातीला काय घेऊ? आईला ज्ञानेश्वरी हवी आहे, कुठली प्रत घ्यावी? मी प्रत्येकाला उलट विचारते, की वाचणारा ते कशासाठी उघडणार आहे आणि किती वेळा. ते कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पुतण्याचं सांगायला सोपं. काँक्रीटच्या इमारतींचं गणित आपल्याकडे आयएस 456 या मानकावर चालतं. 1978 च्या आवृत्तीत आरसीसीला एम 15 प्रतीचं काँक्रीट चालत असे. 2000 साली मानक सुधारलं आणि किमान एम 20 आलं. आजूबाजूच्या हवापाण्याचा काँक्रीटवर होणारा मारा पूर्वी तीन वर्गांत धरत, ते पाच झाले, आणि सळईवर काँक्रीटचं आवरण किती जाड हवं हे त्या वर्गांवरून ठरू लागलं. म्हणजे 1985 सालचं आरसीसीचं पुस्तक कितीही सुरेख लिहिलेलं असो, त्यावरून आज स्लॅबचं डिझाइन करणं धोक्याचं आहे. टपरीवर ते स्वस्तात मिळतं ते याच कारणाने, आणि गरिबाघरची मुलं तेच उचलतात याचं मला फार वाईट वाटतं. पण त्याच ढिगात टिमोशेंकोचं 'स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स' दिसलं तर साल न बघता घ्यावं. पहिली आवृत्ती 1930 ची, पण भार पडल्यावर तुळई कशी वाकते याचा नियम कुठल्या समितीने बदललेला नाही. तांत्रिक पुस्तक पारखताना एवढं आधी पाहावं, की त्यातलं किती मानकावर उभं आहे आणि किती मूळ तत्त्वावर. मग सोडवलेलं एखादं उदाहरण घेऊन स्वतः कागदावर करावं. उत्तर जुळलं नाही, किंवा मध्येच न्यूटनचे किलोन्यूटन झाले, तर ते पुस्तक खाली ठेवावं. लेखकाच्या पदव्या नंतर वाचल्या तरी चालतात.

धार्मिक पुस्तकाचा वाचक याहून कडक असतो. त्याला आधी पाठ शुद्ध लागतो. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि पुढे कुणी त्यात आपल्या ओव्या घालू नयेत असं बजावलं. छापखाने आल्यावर ही काळजी वाढली. गोरखपूरच्या गीता प्रेसची हकीकत इथे कोलकात्यातच सुरू होते. जयदयाल गोयंदका यांनी इथल्या एका छापखान्यात गीता छापून घेतली आणि तीत इतक्या चुका निघाल्या की शेवटी 1923 साली स्वतःचाच छापखाना काढायचं ठरलं. आजही ती संस्था कोलकात्याच्या गोविंद भवन कार्यालयाच्या छत्राखाली चालते. आपल्याकडे मुंबईत तर पाठाच्याही आधी शाईची परीक्षा होई. तीत चरबी असते म्हणून सोवळी माणसं छापील कागदाला हात लावीनात, तेव्हा गणपत कृष्णाजींनी तूप घालून शाई केली आणि 1831 साली पंचांग छापलं. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. जो कागद देवासमोर ठेवायचा, तो कशाने छापला हे विचारण्याचा त्या माणसांना अधिकार होता.

पाठ शुद्ध निघाला म्हणजे काम संपलं असंही नाही. बंगालमध्ये ज्या ग्रंथावर लोकांचा एवढा विश्वास बसला, तो 'श्रीश्रीरामकृष्णकथामृत' कसा लिहिला गेला ते पाहा. महेंद्रनाथ गुप्त शाळेत हेडमास्तर होते. रामकृष्णांकडून परत आले की ते दैनंदिनी लिहीत: वार, तिथी, जागा, कोण कोण बसलं होतं, कोण काय बोललं. या टिपणांवरून पाच भाग झाले, पहिला 1902 साली आणि शेवटचा 1932 साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी. चमत्कारांनी भरलेली चरित्रं तेव्हाही मिळत होती. वाचक या पुस्तकाकडे वळला त्यात त्या तारखांचा मोठा वाटा आहे, असं मला वाटतं. सांगणारा तिथे हजर होता, हे पानोपानी कळतं. म्हणून अध्यात्माचं नवं पुस्तक कुणी पुढे केलं की मी पाहते, लेखक स्वतः पाहिलेलं सांगतोय, ऐकलेलं सांगतोय, की नुसता उपदेश करतोय. रोजच्या वाचनाची प्रत असेल तर आणखी दोन साध्या गोष्टी: ओव्यांना क्रमांक हवेत आणि टाइप ठळक हवा, कारण वाचणारे डोळे बहुधा साठीच्या पुढचे असतात.

मुलांच्या पुस्तकात घोटाळा असा, की विकत घेणारा एक आणि वाचणारा दुसरा. मोठी माणसं गुळगुळीत कागद बघतात, तात्पर्य शोधतात. सुकुमार राय यांच्या 'आबोल ताबोल'मध्ये तात्पर्य शोधून सापडणार नाही. राय 10 सप्टेंबर 1923 रोजी गेले आणि त्यानंतर काही दिवसांत त्यांच्याच घराण्याच्या यू. राय अँड सन्सने ते काढलं. शंभर वर्षं उलटली तरी बंगाली घरात ते तोंडपाठ असतं. सुकुमारांचे वडील उपेंद्रकिशोर यांनी 1913 साली मुलांसाठी 'संदेश' मासिक सुरू केलं. चित्रांच्या हाफटोन छपाईवरचे त्यांचे लेख इंग्लंडच्या पेनरोज वार्षिकात छापून येत. मुलांना चित्र धड दिसावं म्हणून मोठ्या माणसाने इतकं शिकणं, ही माझ्या लेखी बालसाहित्याची सगळ्यात मोठी कसोटी आहे. नातीच्या पुस्तकाबद्दल मी म्हणते, तिला दुकानात न्या आणि ती कुठल्या पानावर थांबते ते बघा. टपरीवर मुलांचं पुस्तक अगदी कोरं मिळालं तर मला शंकाच येते. आवडलेलं पुस्तक त्या वयात इतकं नीटनेटकं राहत नाही.

वाचकाच्या निवाड्याचा आपल्या भाषेतला जुना दाखला इथून जवळच, हुगळीपलीकडे श्रीरामपुरात आहे. विल्यम केरी फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या साहेबांना मराठी शिकवीत, वैजनाथ पंडित त्यांच्या मदतीला होते. 1805 मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून केरींचं मराठी व्याकरण निघालं, रोजच्या बोलण्यातले संवाद जोडून. त्याच साली मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत आलं. 1810 मध्ये मोडी टाइपातला मराठी-इंग्रजी कोश आणि 1814 मध्ये 'सिंहासन बत्तिशी'. तंत्राचं, धर्माचं आणि गोष्टींचं, अशी तिन्ही जातींची मराठी पुस्तकं महाराष्ट्रात छापखाना रुजण्याआधी या नदीकाठी छापली गेली. पण शुभवर्तमानाची ती मराठी आपल्या मुलखात चालली नाही, आणि मुंबईतले अमेरिकन मिशनरी स्वतःचं नवं भाषांतर छापू लागले. व्याकरणाची गोष्ट वेगळी. शिकणाऱ्या साहेबांना त्याची रोज गरज पडे, आणि 1808 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती काढावी लागली.

अलीपूरच्या बेल्व्हेडिअरमध्ये राष्ट्रीय ग्रंथालय आहे. 1954 च्या कायद्याप्रमाणे देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत तिथे पाठवावी लागते, मराठीचीही. बरं-वाईट असा निवाडा तो कायदा करत नाही, आणि ते मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण पुस्तकाचा वाचक बदलतो. केरींच्या कोशाचा मूळ वाचक, कंपनीचा तरुण अधिकारी, केव्हाच संपला. आज तो कोश मागतात ते जुन्या मराठीचे अभ्यासक, दोनशे वर्षांपूर्वी कुठला शब्द कोणत्या अर्थाने चालत होता हे पाहण्यासाठी.