घोडा कुणाचा, नुकसान कुणाचे

बंगळूरहून कोलारच्या रस्त्याने पूर्वेला निघाले की पंचवीसेक किलोमीटरवर होसकोटे लागते. शहाजीराजांच्या कर्नाटकातल्या जहागिरीचे हे एक ठाणे. मला मात्र हे गाव वर्षानुवर्षे ओढत आले ते २२ ऑगस्ट १७६८ च्या रात्रीमुळे. हैदरअली आणि इंग्रज यांचे पहिले युद्ध चालू होते, आणि गुत्तीकर मुरारराव घोरपडे इंग्रजांच्या बाजूने होसकोट्याला तळ देऊन होते. हैदरच्या स्वारांनी रात्री त्या तळावर छापा घातला. मुराररावांनी तेव्हा दिलेला हुकूम मार्क विल्क्सने आपल्या इतिहासात नोंदवून ठेवला आहे. कुणीही घोड्यावर बसायचे नाही, ज्याने त्याने आपल्या घोड्याच्या तोंडाशी उभे राहायचे. अंधारात घोड्यावर दिसेल तो परका. छापा फसला.

या प्रसंगाने मला मराठी घोडदळाच्या हिशेबांकडे नेले आणि तिथून, बऱ्याच वळणांनी, रेसकोर्सवर.

बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा, हे आपण शाळेत शिकतो. त्यातला पैशाचा भाग मात्र तिथे सुटून जातो. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची रोजी गेली. लढाईच्या ऐन गर्दीत असा घोडा घालताना त्याचा हात आखडणारच. तो भ्याड नव्हता. नुकसान ज्याच्या पदरात पडायचे, तोच लगाम धरून होता. शिवकाळात पागेवर भर होता, आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली ठेवल्याचे बखरकार सभासद सांगतो, त्याचा मला तरी हाच अर्थ लागतो. पुढे इंग्रजांनी शिलेदारीची पद्धत उचलली तेव्हा त्यांनाही ही अडचण सोडवावी लागली. त्यांच्या शिलेदारी रिसाल्यांत चंदा फंड असे. प्रत्येक स्वाराच्या पगारातून थोडी रक्कम कापायची आणि कामी आलेल्या घोड्याची भरपाई त्यातून करायची. लगाम मोकळा सुटावा म्हणून नुकसान सगळ्यांत वाटून घेतलेले.

आता बंगळूरच्या रेसकोर्स रोडवर या. इथे लगाम जॉकीच्या हातात, घोडा मालकाचा, तालीम ट्रेनरची. आणि पैसा पंटरचा. घोडा हरला तर मालकाचे बक्षीस जाते, पण पुढच्या खेपेला त्याचा फायदाही होऊ शकतो. हँडिकॅप शर्यतीत घोड्याच्या मागच्या कामगिरीवरून त्याचे रेटिंग ठरते आणि रेटिंगवरून पाठीवरचे वजन. दोन-तीन शर्यती मागे पडलेल्या घोड्याचे रेटिंग उतरते, वजन हलके होते, बुकीकडचा भाव चढतो. मग एके दिवशी घोडा ‘सोडायचा’. आधीच्या त्या शर्यतींत ज्यांनी त्याच्यावर पैसे लावले होते त्यांचे काय? ‘आज घोडा ओढला होता’, म्हणजे मुद्दाम मागे ठेवला होता, एवढे म्हणत ते तिकिटे फाडतात. हरलेला प्रत्येक पंटर असे म्हणतो आणि बहुतेक वेळा ते खरे नसते. घोडे दमतात, गर्दीत अडकतात, मैदान ओले असते. पण कधी खरे असते आणि कधी नसते हे त्याला कळायला मार्ग नाही. मला खुपते ते हे.

ही बाब केवळ नीतीची नाही, कायद्याचा पायाच तिच्यावर आहे. तामिळनाडू सरकारने १९७४ मध्ये कायदा बदलून रेसला असलेली सूट काढली. मद्रास रेस क्लबचे ते भांडण अखेर डॉ. के. आर. लक्ष्मणन खटल्याच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. १९९६ चा तो निकाल रेसवाल्यांना तोंडपाठ असतो: घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ, जुगार नव्हे. घोड्याची पैदास, त्याची तयारी, जॉकीचा हात हे सगळे अभ्यासून अंदाज बांधता येतो, असा त्यामागचा विचार. पण हा अभ्यास घोडा खरोखर धावणार असेल तरच कामाचा. घोडा धावू द्यायचा की नाही हे तबेल्यात आधीच ठरले असेल, तर पंटरचे कौशल्य उरत नाही आणि रेस पुन्हा जुगार होते. घोडा ओढणारा माणूस आपल्याच धंद्याचे कायदेशीर छप्पर उडवत असतो.

बंगळूरने गेल्या काही वर्षांत रेसमधले नाना गैरप्रकार पाहिले. मार्च २०१७ मध्ये जिंकलेल्या ‘क्वीन लतीफा’ या घोडीच्या नमुन्यात दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेला प्रोकेन सापडले. प्रोकेनने वेदना बधिर होते, दुखऱ्या पायाचा घोडा जोरात पळतो. तेच प्रोकेन पेनिसिलिनच्या इंजेक्शनबरोबरही अंगात जाते. म्हणून अशा वेळी सगळी मदार उरते ती चौकशी कुणी, किती लवकर आणि किती उघडपणे केली यावर. प्रकरण बंगळूर टर्फ क्लबच्या चार भिंतींत मिटले नाही, ते सीआयडीपर्यंत गेले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये पोलिसांच्या गुन्हे शाखेने रेसकोर्सवरच्या बुकींवर छापा घातला. पावती न देता बेट घेऊन जीएसटी चुकवल्याचा आरोप होता. त्याच वर्षी जूनमध्ये राज्य सरकारने परवाना नाकारला. क्लब उच्च न्यायालयात गेला, एकल न्यायाधीशांनी शर्यतींना अंतरिम परवानगी दिली आणि काही दिवसांतच खंडपीठाने तिला स्थगिती दिली. तबेल्यातल्या मोतद्दारांच्या पगाराचा प्रश्न त्या काळात फार थोड्यांनी विचारला.

सरकारच्या हेतूवर माझा पूर्ण विश्वास नाही. ऑक्टोबर २०२३ पासून बेटच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. एवढा कर खिडकीवर भरायचा, की फोनवरून बिनकराचा बेट घेणाऱ्या बेकायदा बुकीकडे जायचे? पंटरला उत्तर शोधावे लागत नाही. आणि त्या बुकीच्या वहीत कुठल्या घोड्याविरुद्ध अचानक किती पैसा आला, हे शर्यतींवर देखरेख करणाऱ्या कुठल्याच स्टुअर्डला दिसत नाही. क्लबच्या अधिकृत टोटवर निदान आकडा समोर असतो. चोर पकडण्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा सरकारने स्वतःच्या हाताने अंधारात ढकलला आहे.

क्लबांची बाजूही मला पटत नाही. आपल्याकडे टर्फ क्लबचे स्टुअर्ड सभासदांतून निवडले जातात आणि सभासदांत घोड्यांचे मालक पुष्कळ. रोजचे काम पगारी स्टुअर्ड पाहतात, ते शर्यतीची फिल्म पुन्हापुन्हा बघतात, जॉकीला बोलावून विचारतात; त्यांतले कित्येक कसून काम करतात. पण त्यांचे पगार देणाऱ्या मंडळात ज्यांची चौकशी व्हायची त्यांचेच सोबती बसलेले असतात.

१९५२ च्या म्हैसूर रेसकोर्स परवाना कायद्याखाली सरकारला परवान्यात अटी घालता येतात. मी तीन घातल्या असत्या. चालू घोड्याच्या मालकाने स्टुअर्डच्या खुर्चीवर बसू नये. नमुन्याचा निकाल ठरलेल्या दिवसांत जाहीर व्हावा, तो कुणाच्याही घोड्याचा असो. आणि फेव्हरिट मागे पडला की चौकशीत जॉकीने काय सांगितले, स्टुअर्डांनी ते का मानले किंवा का मानले नाही, हे पुढच्या शर्यतीच्या आधी कन्नडमध्ये तिकीट खिडकीशेजारी लागावे. महालक्ष्मीला आणि पुण्याला मराठीत.